साडेपाच म्हणजे साडेपाच

आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेस बिलाची डिफॉल्टर लिस्ट, ‘गीझर बंद आहे, सहकार्य करावे’ आणि हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चिठ्ठी यापलीकडे वाचण्यासारखं सहसा काही नसतं. पण मागच्या वर्षी टर्म सुरू झाल्यावर कुणीतरी तिथे एक प्रिंटआउट चिकटवली आणि ती वाचायला जेवणाच्या वेळी चक्क रांग लागली. ती होती चेल्सी क्लबची दंडाची यादी! २०१९ च्या उन्हाळ्यात फ्रँक लॅम्पार्ड चेल्सीचा हेड कोच झाला आणि आल्या आल्या त्याने खेळाडूंसाठी रेट कार्डच काढलं. नोव्हेंबरात ते फुटलं आणि जगभर छापून आलं. टीम मीटिंगला उशीर झाला तर मिनिटाला ५०० पौंड. जेवताना किंवा मीटिंगमध्ये मोबाइल वाजला तर १,००० पौंड. मॅचच्या दिवशी उशिरा आला तर २,५००. आणि प्रॅक्टिसला उशिरा आला तर... २०,००० पौंड फक्त! चौदा दिवसांत भरले नाहीत तर डबल.

वीस हजार पौंड म्हणजे त्या वेळच्या भावाने अठरा लाखांच्या आसपास. ‘आपली चार वर्षांची फी, मेस आणि सगळ्या केट्या भरून वर एक बुलेट येईल,’ असा हिशेब इलेक्ट्रिकलवाल्यांनी उभ्या उभ्या मांडला. खाली कुणीतरी पेनने लिहिलं, ‘कृपया रेक्टर सरांना दाखवू नये.’

मला मात्र त्या यादीत वेगळीच गोष्ट खटकली. मॅचच्या दिवसाच्या उशिराला अडीच हजार आणि साध्या प्रॅक्टिसच्या उशिराला वीस हजार? आठपट? उलटं नको का? दोन दिवस हे डोक्यात घोळत होतं. मग पटलं ते असं की, मॅचच्या दिवशी कुणी मुद्दाम उशीर करतच नाही. साऱ्या जगाच्या नजरा असतात, आई-बाबा टीव्हीसमोर बसलेले असतात. प्रॅक्टिसला कुणी बघत नसतं. मंगळवारी सकाळी पावसात कोण वेळेवर येतो, तिथेच खरी गोम आहे. आपल्याकडे नाही का, ओरलला सगळे इस्त्रीचा शर्ट घालून नऊला हजर आणि टर्मभर प्रॅक्टिकलला प्रॉक्सी! (हे मी सबमिशनच्या आठवड्यात लिहितोय, तेव्हा जास्त बोलत नाही.)

आता मुद्द्यावर येतो. मी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे खेळतो कमी आणि धावतो जास्त. बॉलमध्ये हवा भरणे, जर्स्या धुवायला टाकणे, हजेरीच्या अर्जावर एचओडींची सही मिळवणे वगैरे मानाची कामं. आधीचे जिमखान्याचे सर भला माणूस. प्रॅक्टिसची वेळ सकाळी साडेपाच, म्हणजे पोरं सव्वासहाला डोळे चोळत येणार, कॅप्टन टपरीवरून चहा घेऊन येणार आणि सर म्हणणार, ‘आलात का? बरं, दोन दोन गोल करा नि जा.’ आम्ही झोनलला दरवर्षी पहिल्याच मॅचला घरी यायचो आणि रेफ्रीला शिव्या द्यायचो. सगळं सुरळीत चाललं होतं. सर रिटायर झाले आणि नवे कोच आले.

पहिल्या दिवशी त्यांनी बरोबर साडेपाचला शिट्टी वाजवली तेव्हा मैदानावर सात पोरं आणि दोन कुत्री होती. ओरडले नाहीत, काही नाही. सातजणांना घेऊन सुरुवात केली. जो जो उशिरा आला त्याला एवढंच म्हणाले, ‘बूट काढून त्या पायरीवर बस.’ शेवटी पायरीवर पंधराजण, अनवाणी, थंडीत कुडकुडत. त्यात आमचा कॅप्टनही होता, हातात चहाची पिशवी! चहा गार होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. नाव, वेळ, सही. वेळ ज्याची त्याने लिहायची, गेटवरच्या वॉचमनकाकांच्या घड्याळाप्रमाणे. महिन्यात तीन लेट झाले की पुढच्या मॅचला पहिल्या अकरात नाही. हा नियम सरांनी आमच्यासमोर वाचला, कुणाला काही म्हणायचंय का विचारलं, आणि बावीस सह्या घेतल्या. कुणी काही म्हणालं नाही. सकाळी सहा वाजता कोण काय म्हणणार?

माझा रूममेट आमचा स्ट्रायकर. कोल्हापूरचा. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांना सांगतो, तिथे फुटबॉल हा खेळ नाही, पेठेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. तालमींच्या नावाने टीमा आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धी पेठ तिथे. तालमीत वस्तादापुढे मान वर करायची नाही हे याच्या रक्तात. त्यामुळे नव्या सरांचं टीममध्ये सर्वांत जास्त कौतुक यालाच. ‘आत्ता कसं! कोच असा पाहिजे,’ हे मी रोज रात्री लाइट घालवल्यावर ऐकायचो. वर साहेब मँचेस्टर युनायटेडचे भक्त आणि मी आर्सेनलचा, तेव्हा आमच्या रूममध्ये शिस्त या विषयावर जेवढं प्रबोधन झालंय तेवढं एनएसएसच्या कॅम्पातही होत नसेल.

त्याचं आवडतं उदाहरण एरिक टेन हाग. २०२२ च्या उन्हाळ्यात हा डच गृहस्थ युनायटेडला आला. पहिली मॅच घरच्या मैदानावर ब्रायटनशी, हरले. दुसरी ब्रेंटफर्डशी, हरले ०-४, आणि चारही गोल पहिल्या हाफात. दुसऱ्या दिवशीची सुट्टी रद्द. मॅचमध्ये ब्रेंटफर्डचे खेळाडू मिळून १३.८ किलोमीटर जास्त धावले होते, तर तेवढं अंतर यांना भर उन्हात पळायला लावलं. आणि तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे कोच स्वतः त्यांच्याबरोबर पळाला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पुढच्या मॅचला लिव्हरपूलला २-१ हरवलं. ‘बघ! पळाले नि जिंकले,’ रूममेट म्हणायचा. जसं काही मधल्या आठवड्यात दुसरं काही घडलंच नाही.

मग रोनाल्डो. क्रिस्तियानो रोनाल्डोबद्दल या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगणार, निम्म्या रूममध्ये पोस्टर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध त्याला शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरायला सांगितलं, तर त्याने नकार दिला आणि मॅच संपायच्या आधीच उठून आत गेला. टेन हागने त्याला पुढच्या चेल्सीच्या मॅचमधून काढून टाकलं आणि एकट्याने प्रॅक्टिस करायला लावली. नोव्हेंबरात त्याची ती मुलाखत आली, कोचबद्दल आपल्याला आदर नाही म्हणाला, आणि वर्ल्ड कपच्या ऐन सुरुवातीला क्लबने करार संपवला.

पण रूममेटच्या डोळ्यांत पाणी यायचं ते तिसऱ्या गोष्टीला. ३१ डिसेंबर २०२२, वुल्व्ह्जशी मॅच. मार्कस रॅशफर्ड त्या वेळी जबरदस्त फॉर्मात. सकाळी झोपून राहिला, टीम मीटिंगला उशीर झाला. टेन हागने त्याला बाकावर बसवलं. मध्यंतराला ०-० होतं तेव्हा उतरवलं आणि शहात्तराव्या मिनिटाला रॅशफर्डने एकमेव गोल मारून मॅच जिंकून दिली. ‘झोपलास ना? मग बस बाकावर! आणि नंतर दाखव काय दाखवायचं ते. याला म्हणतात कोच!’ हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की शेजारच्या रूमवाल्यालाही पाठ झालं होतं.

माझं म्हणणं एवढंच असायचं की तो गोल बारला लागून बाहेर गेला असता तर? तर हीच गोष्ट ‘अहंकारी कोचने मॅच घालवली’ म्हणून सांगितली गेली असती. आणि पुढचं का नाही सांगत तू? २०२३ च्या सप्टेंबरात आर्सेनलच्या मॅचमधून जेडन सँचोला वगळलं. प्रॅक्टिसमधली कामगिरी बरोबर नाही असं टेन हागने पत्रकारांना सांगितलं. सँचोने जाहीरपणे लिहिलं की हे खरं नाही, मला बळीचा बकरा केला जातोय. त्यावर फर्स्ट टीमच्या सगळ्या सोयी त्याच्यासाठी बंद! म्हणजे आपल्या भाषेत मेससुद्धा बंद. काही महिने असेच गेले. जानेवारीत तो डॉर्टमुंडला उसना गेला आणि १ जून २०२४ ला वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. त्याच ऑक्टोबरात टेन हागची नोकरी गेली. ‘पण मधे दोन कप जिंकले की,’ रूममेट पुटपुटायचा. हो, जिंकले. तेही खरंच आहे.

यावर तो थेट फर्ग्युसनचा एक्का काढायचा. अॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आला तेव्हा युनायटेड शेवटून दुसरी होती आणि खेळाडू दारूसाठी प्रसिद्ध. त्याने ते बंद केलं, ऐकलं नाही त्यांना विकलं, आणि मग पुढचा इतिहास. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. पण मी जरा खोदून वाचलं (एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री, तेव्हाच वाचन होतं) तर ती दिसते तेवढी सरळ नाही. १९८९ मध्ये फर्ग्युसनने नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅक्ग्राला विकलं, दोघांच्या पिण्याला कंटाळून. ब्रायन रॉबसनही त्याच मैफलीतला, पण तो कॅप्टन, मैदानावर जीव ओतणारा, तो राहिला. बाहेर काढलेला मॅक्ग्रा अॅस्टन व्हिलात गेला, दुखऱ्या गुडघ्यांमुळे तिथे त्याला धड प्रॅक्टिसही करता यायची नाही, आणि १९९३ मध्ये इंग्लंडातल्या खेळाडूंनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. त्या वर्षी लीगमध्ये दुसरी कोण आली? व्हिला. पहिली? युनायटेड, सव्वीस वर्षांनी. म्हणजे बरोबर कोण होतं, काढणारा की निघालेला? मला वाटतं दोघेही. मॅक्ग्राला समजून घेणारा कोच दुसरीकडे मिळाला आणि फर्ग्युसनला हवी तशी टीम इकडे बांधता आली.

आणि कँटोना? जानेवारी १९९५ मध्ये त्याने क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर एका प्रेक्षकाला सरळ उडी मारून लाथ घातली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी, कोर्टाने १२० तास समाजसेवेची शिक्षा दिली. एवढा शिस्तीचा भोक्ता फर्ग्युसन, त्याने काय करावं? कँटोना युनायटेड सोडायला निघाला तेव्हा हा त्याची समजूत घालायला पॅरिसला गेला! बाकीच्यांना तोंडावर ओरडायचा, इतका की ‘हेअर ड्रायर’ नाव पडलं होतं, आणि कँटोनाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पुढच्या वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही मिळाले, कपच्या फायनलचा एकमेव गोल कँटोनाचा.

मेकॅनिकलचा माणूस म्हणून मला यात टॉलरन्स दिसतो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास नुसता २५ लिहिला तर वर्कशॉपचे सर पेपर परत करतात, अधिक-उणे किती ते लिही म्हणतात. शून्य टॉलरन्सचा शाफ्ट कुठल्याच लेथवर होत नाही. प्रश्न हा असतो की कुठल्या पार्टला किती द्यायचा, आणि तो आधी लिहून ठेवलाय की जॉब बिघडल्यावर ठरवताय. फर्ग्युसनने तो मनात ठेवला होता. लॅम्पार्डने कागदावर लिहिला, पण जानेवारी २०२१ मध्ये तोही गेलाच. २०१३ मध्ये संडरलंडला पाओलो दी कानियो नावाचा कोच आला होता, त्याने तर मोबाइलबरोबर केचपवरसुद्धा बंदी घातली. तेरा मॅचनंतर खेळाडूंनीच तक्रार केली आणि साहेब घरी. आमच्या मेसच्या पावभाजीला केचप नसतंच, तेव्हा आमच्याकडे ते बंड होणार नाही!

हे सगळं रूमवरच्या गप्पांपुरतं ठीक होतं. झोनलच्या सेमीफायनलला ते अंगावर आलं.

हो, सेमीफायनल! कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. दोन मॅच जिंकलो, चारपैकी तीन गोल रूममेटचे. पण त्या महिन्यात त्याचे दोन लेट आधीच झाले होते. दोन्ही वेळा निव्वळ झोप, मीच हलवून हलवून दमलो होतो. मग शुक्रवारी रात्री घरून फोन आला, वडिलांना अॅडमिट केलंय. तो तसाच एसटीने गेला. रविवारी वडिलांना बरं वाटलं म्हणून रात्रीच्या गाडीने परत निघाला, सोमवारी प्रॅक्टिस होती ना. गाडी घाटात अडकली. सकाळी स्टँडवरून सॅक पाठीवर घेऊन तो थेट मैदानावर पळत आला. मी रजिस्टर घेऊन उभा. त्याने पेन घेतलं, वॉचमनकाकांच्या खिडकीतून घड्याळ बघितलं आणि लिहिलं, ५.५२. सही केली. बूट काढले आणि पायरीवर जाऊन बसला. सरांना एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, ‘अरे सांग की सरांना.’ तर म्हणाला, ‘तीन म्हंजे तीन. तू गप बस.’

मी गप्प बसलो नाही. प्रॅक्टिसनंतर सरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच त्याच्या वडिलांना फोन लावला. कसं आहे, डॉक्टर काय म्हणाले, पाच-सात मिनिटं बोलले. फोन ठेवला आणि म्हणाले, ‘त्याने मला शनिवारी एक फोन केला असता तर मी त्याला बुधवारपर्यंत येऊच नको म्हणालो असतो. लेट लागलाच नसता. आता लागलाय.’ मी म्हटलं, ‘सर, पण सेमीफायनल आहे.’ म्हणाले, ‘बावीस सह्या आहेत त्याच्याखाली. तुझीपण आहे.’

मला त्या रात्री सारखा ऑबामेयांग आठवत होता. आमच्या आर्सेनलचा कॅप्टन. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये नवा कोच म्हणून आला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याला पहिला कप मिळवून दिला तो ऑबामेयांगने. एफए कप फायनल, चेल्सीविरुद्ध २-१, दोन्ही गोल याचे. मार्च २०२१ मध्ये टॉटनहॅमच्या मॅचला उशिरा आला म्हणून आर्टेटाने त्याला बाकावर बसवलं. मग डिसेंबर २०२१. आईसाठी क्लबची परवानगी घेऊन फ्रान्सला गेला होता, ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा परतला, असं तेव्हा छापून आलं. कॅप्टनपद गेलं, टीममधली जागा गेली, फेब्रुवारी उजाडला तेव्हा तो बार्सिलोनाचा झाला होता. तिथे त्याने रिआल माद्रिदला दोन गोल मारले. आणि इकडे गोल मारणारा माणूस नसलेली आर्सेनल पाचवी आली. चॅम्पियन्स लीगची जागा दोन पॉइंटांनी हुकली. दोन पॉइंट! २०२३, २०२४, २०२५ अशी तीन वर्षं ती लागोपाठ दुसरी आली तेव्हा सगळे म्हणाले की पाया त्या डिसेंबरात घातला गेला. असेलही. पण मी तेव्हा दहावीत होतो, आणि एक माणूस आईकडून उशिरा परतला म्हणून एवढं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटत नाही. एक उशीर नव्हता तो, आधीचे बरेच होते, हे कळतं. तरीही.

सेमीफायनलला रूममेट बाकावर. तिसाव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. मध्यंतराला सरांनी त्याला उतरवलं. पंचेचाळीस मिनिटं तो असा खेळला की समोरच्या कॉलेजची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. एकदा बारला लागला. एकदा गोलीने बोटांच्या टोकांनी काढला. ०-१. संपलं.

परतीच्या बसमध्ये कुणी अंताक्षरी लावली नाही. मागच्या सीटवर कुजबुज, ‘सरांनी घालवली.’ पुढे बसलेल्या सरांना ऐकू जात होतं. कॅप्टनचं मत वेगळं होतं. तो म्हणाला, ‘आधीच्या सरांच्या वेळी सेमीफायनल कुठे होती घालवायला?’ दोन्ही खरं. मला विचाराल तर, तो बारला लागलेला बॉल दोन इंच खाली असता तर सरांची मिरवणूक निघाली असती आणि त्यांचा निर्णय तोच राहिला असता. निर्णय बरोबर की चूक हे बारने कसं ठरवायचं?

रूममेट नंतर तीन आठवडे सरांशी बोलला नाही. पण पाच-वीसला मैदानावर असायचा, बूट बांधून, पायरीवर बसून. सरही त्याच्याशी मुद्दाम गोड बोलायला गेले नाहीत. फक्त वडिलांची चौकशी माझ्याकडे करायचे. वडील आता बरे आहेत. रूममध्ये टेन हागचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

झोनलनंतर रजिस्टरचं नवं पुस्तक आलं तेव्हा सरांनी त्यात स्वतः पट्टीने एक चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘कारण’. कारण दिलं की लेट माफ होईल असं काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी फोन केला तर लेट धरणार नाही, एवढं मात्र पहिल्या पानावर लिहून परत सह्या घेतल्या. या वेळी चार-पाच जणांनी हात वर करून शंका विचारल्या, आणि एकाच्या शंकेवरून सरांनी एक वाक्य बदललंसुद्धा.

त्या रकान्यातली पहिली नोंद सरांचीच आहे. जानेवारीतली. स्कूटर पंक्चर झाली, ढकलत आणली, ५.४१. नाव लिहिलं, सही केली, बूट काढून पायरीवर बसले आणि कॅप्टनला म्हणाले, ‘चालू दे.’ अर्ध्या टीमला ते नाटक वाटलं. मी शेजारीच उभा होतो. नाटक होतं की नाही ते मला सांगता येत नाही, पण पायरी गार होती आणि सरांना दोन दिवस सर्दी होती.

रजिस्टर आता सेकंड इयरच्या पोराकडे दिलंय, आम्हाला प्लेसमेंटचे वेध लागलेत. देण्याआधी एकदा चाळलं. बस, ताप, गीझर, ‘रूममेटने उठवले नाही’ असली कारणं आहेत, पण सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘झोप’. एका फर्स्ट इयरवाल्याने ‘स्वप्न’ असं लिहिलंय. त्यावर सरांनी लाल पेनाने नुसती टिक केलीय.